‘ब’ नाही, ‘ब्’: कॉव्हेन्ट्रीच्या शाळांमधलं पाहुण्या बाईंचं पहिलं वर्ष

इंग्लंडला निघण्याआधी साताऱ्याच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी अकरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होते. नवऱ्याला कॉव्हेन्ट्रीत नोकरी लागली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही इथे आलो. जुलै २०२४ मध्ये शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत मी इथल्या नऊ प्राथमिक शाळांमध्ये शिकवून आले होते. कुठे एकच दिवस, कुठे आठवडाभर आणि एका शाळेत दोन सत्रं. कायमच्या बाई रजेवर असल्या, प्रशिक्षणाला गेल्या किंवा त्यांच्या पाठाच्या तयारीचे तास असले की त्यांच्या जागी जी येते तिला इथे ‘सप्लाय टीचर’ म्हणतात. मी स्वतःला पाहुणी शिक्षिका म्हणते. डी.एड. झालेल्या, डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आणि ‘आता आपलं शिकवणं संपलं’ असं वाटून घरात बसलेल्या बायकांसाठी हे लिहितेय. तीन महिने मलाही तसंच वाटत होतं.

आधी कागदांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

सुरुवातीला मला वाटलं होतं की इथला शिक्षकाचा दर्जा, ज्याला क्यूटीएस म्हणतात, तो मिळाल्याशिवाय वर्गात उभंच राहता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना तो थेट मागता येतो, पण फक्त ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांना. प्राथमिकवाल्यांना ती वाट नाही. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस पुन्हा उघडला नाही. मग एका शेजारणीने सांगितलं की परदेशात रीतसर शिक्षक झालेल्या माणसाला क्यूटीएस नसतानाही चार वर्षांपर्यंत इथे शिकवता येतं. त्याला ‘चार वर्षांचा नियम’ म्हणतात. शिवाय ज्या शाळा अकॅडमी आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतःच्या कारभाराने चालतात, त्यांना तेव्हा क्यूटीएसची अटच नव्हती. म्हणजे दार होतं, फक्त मी ते दुसऱ्याच भिंतीत शोधत होते.

११ सप्टेंबर २०२३ ला शिक्षक पुरवणाऱ्या एका एजन्सीत नाव नोंदवलं. त्यांनी पाठवलेल्या यादीत पासपोर्ट, कामाचा हक्क दाखवणारा शेअर कोड, पदवी आणि डी.एड.ची प्रमाणपत्रं, त्यांची इथल्या शिक्षणाशी तुलना करणारं यूके एनिकचं पत्र, भारतातला पोलिसांचा दाखला, इथला एन्हान्स्ड डीबीएस दाखला आणि मागच्या नोकरीचे दोन संदर्भ इतकं सगळं होतं.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, मी निघण्याआधी पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत काढून आणला होता. तुम्ही अजून भारतात असाल तर तो काढूनच निघा. इथून काढायचा तर भारतीय उच्चायुक्तालयाच्या केंद्रात अर्ज करावा लागतो आणि वेळ जातो. अनुभवाचा दाखला मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतरही पुण्यातूनच करून घेतलं होतं. या दोन गोष्टींनी माझे निदान सहा आठवडे वाचवले.

नावाचा घोळ मात्र मी आधी लक्षात घेतला नव्हता. डी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे दोन नावं म्हणजे दोन माणसं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र साताऱ्याच्या घरी गोदरेजच्या कपाटात होतं. दिराने ते स्कॅन करून पाठवलं, मूळ प्रत मागून कुरियरने आली. तेव्हा लग्न झालेल्या सगळ्यांना सांगते, ते प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत घाला.

डीबीएस म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा आहे का, मुलांसोबत काम करायला तुम्हाला मनाई आहे का, याची सरकारी तपासणी. अर्ज ऑनलाइन भरला. मी भरला तेव्हा फी ३८ पौंड होती. डिसेंबर २०२४ पासून ती साडेएकोणपन्नास झाली आहे. त्यात मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते लागतात आणि मध्ये एका दिवसाचीही फट चालत नाही. साताऱ्याचं भाड्याचं घर आम्ही ६ ऑगस्टला सोडलं आणि २० ऑगस्टला विमानात बसलो. मधले चौदा दिवस? कराडला सासूबाईंकडे. अर्ज पुढे जाईना तेव्हा एजन्सीतल्या मुलाने फोनवर शांतपणे सांगितलं, ‘ते चौदा दिवस जिथे झोपलात तो पत्ता लिहा.’ कराडच्या घराला नंबर नाही. ‘मारुती मंदिरामागे’ असं मी इंग्रजीत लिहिलं आणि ते चाललं.

सगळ्यात जास्त अडलं ते संदर्भपत्रापाशी. एजन्सीला शाळेच्या अधिकृत ईमेलवरून उत्तर हवं होतं. आमच्या शाळेचा ईमेल जीमेलचा. ‘जीमेलवरून आलेला संदर्भ आम्ही घेऊ शकत नाही,’ एवढंच उत्तर आलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. शाळा सत्तर वर्षांची जुनी, तिथे शिकलेली मुलं जगभर गेलेली, आणि तिचं अस्तित्व ईमेलच्या शेपटावरून ठरणार? पण रागावून पत्र येणार नव्हतं. मी मुख्याध्यापक सरांना फोन केला. त्यांनी फॉर्म वाचला आणि काही वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, ‘बाई, हे काय विचारलंय? तुमच्यापासून मुलांना काही धोका आहे का म्हणे. असं कसं लिहू मी तुमच्याबद्दल?’ हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, त्यात माझ्यावर संशय नाही, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर, शाळेचा सरकारी नोंदणीचा यू-डायस क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून पत्र दिलं. मग एजन्सीने फोनवर खात्री करून घेतली. तो फोन इथल्या सकाळी साडेआठला ठरवला, म्हणजे साताऱ्यात दुपारचा एक, मधली सुट्टी. सरांनी त्यांच्याशी इंग्रजीत अकरा मिनिटं बोलून मला लगेच कळवलं, ‘झालं काम. चांगला मुलगा आहे तो.’ त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा या शहरात निवांत फिरायला गेले, कॅथीड्रलपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४० मध्ये, बॉम्बहल्ल्यात जळालेल्या जुन्या कॅथीड्रलच्या भिंती तशाच उभ्या ठेवल्यात आणि शेजारी नवं बांधलंय. जुन्याला छप्पर नाही, वर नुसतं आभाळ. तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

डीबीएसचा कागद १८ ऑक्टोबरला पोस्टाने आला. इथे एक फार कामाची गोष्ट आहे. दाखल्यावरच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्याच ‘अपडेट सर्व्हिस’मध्ये नाव घातलं तर तोच दाखला पुढच्या एजन्सीला, पुढच्या शाळेला चालतो. मी केलं तेव्हा वर्षाला १३ पौंड होते. मुदत चुकली की पुन्हा नवा अर्ज, नवी फी आणि तेवढीच वाट पाहणं. पाकीट फोडलं त्याच दिवशी बसून ते काम उरका.

या सगळ्यात मी मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचं सरकारी मार्गदर्शक वाचून काढलं. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ त्याचं नाव. त्याचा पहिला भाग शाळेत मुलांसोबत थेट काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायचाच असतो. एजन्सीने त्यावर ऑनलाइन परीक्षाही घेतली. तेव्हा ती नुसती औपचारिकता वाटली होती.

पहिला फोन १४ नोव्हेंबरला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. मंगळवार. दिवाळीचा पाडवा, आणि आपल्याकडे बालदिन. बाहेर अजून अंधार. ‘आज दुसरीच्या वर्गात सहायक म्हणून जाल का, पावणेनऊला पोहोचायचं.’ सुरुवात सहायक म्हणून करा असं एजन्सीनेच सुचवलं होतं, दिवसाचे ७५ पौंड. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हात थरथरायला लागले. नवऱ्याने डबा भरून दिला. बसला तेव्हा एका फेरीला दोन पौंडांची मर्यादा होती, म्हणून जाऊन-येऊन चार पौंड.

शाळेच्या दारातच एका टॅबलेटवर नाव, फोटो, वेळ. ऑफिसातल्या बाईंनी पासपोर्ट आणि डीबीएस दोन्ही पाहिले, गळ्यात घालायची पट्टी दिली. एक कागद दिला: आग लागली तर कुठे जमायचं, आणि मुलाने काही गंभीर सांगितलं तर कोणाला गाठायचं, त्या व्यक्तीचा फोटो. तो फोटो प्रत्येक शाळेत पहिल्यांदा पाहून घ्यायचा, हे मी त्या दिवसापासून पाळते.

वर्गात तीस मुलं होती. पहिली-दुसरीच्या वर्गात इथे तीसच्या वर मुलं घ्यायची नाहीत असा कायदाच आहे. माझ्या साताऱ्याच्या वर्गात ४४ होती. मुलं आत आली आणि सरळ फळ्यासमोरच्या गालिच्यावर मांडी घालून बसली. मी बघतच राहिले. बाकं, संगणक, रंगीत ट्रे, सगळं वेगळं, पण सकाळचा पहिला तास जमिनीवर मांडी घालून. आमच्या बसकरपट्ट्या आठवल्या. त्या एका दृश्याने माझी अर्धी भीती गेली.

हजेरी घेताना वर्गाच्या बाई प्रत्येक नाव सावकाश घेत होत्या. पोलिश, सोमाली, पंजाबी, रोमानियन, गुजराती नावं. नंतर मी शिक्षिका म्हणून जायला लागले तेव्हा माझी एक सवय झाली. वर्गात जाण्याआधी यादी घेऊन सहायक बाईंना विचारायचं, हे नाव कसं म्हणायचं? मुलाचं नाव पहिल्याच दिवशी नीट घेतलं की तो दिवसभर तुमच्या बाजूने असतो. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. मुलांना सांगितलं की जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावा आणि झटकन सोडा. तीस मुलांनी मिळून जिभा वळवल्या. जमलं दोघांना. पण त्यानंतर मला कुणी नुसतं ‘मिस’ म्हटलं नाही, ‘मिस’च्या पुढे सगळे जिवापाड प्रयत्न करत.

डिसेंबरपासून शिक्षिका म्हणून कामं यायला लागली, दिवसाचे १०० पौंड. पगाराचं एक नीट सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पैसे एजन्सी थेट देत नव्हती, मधल्या एका अंब्रेला कंपनीतून, म्हणजे एजन्सीसाठी पगाराचं काम बघणाऱ्या कंपनीतून, येत होते. शंभर पौंड सांगितले, पहिल्या पगारपत्रकात हाती ऐंशीच्या आसपास पडले. मालकाने भरायचा राष्ट्रीय विमाही त्याच शंभरातून कापला होता, वर त्या कंपनीचं शुल्क. मी फोन केला तर ‘सगळ्यांचं असंच असतं’ म्हणाले. हे खरं नाही. नोंदणीच्या वेळीच विचारा की थेट एजन्सीच्या पीएवायईवर, म्हणजे एजन्सीच कर कापून पगार देईल अशा पद्धतीने, घेता का. आणि एप्रिल २०२० पासून एजन्सीने ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ द्यायलाच हवं, ज्यात हातात किती येणार याचं उदाहरण असतं. ते मागून घेऊन सही करा. एकाच शाळेत तेच काम बारा आठवडे झालं की कायमच्या शिक्षकाइतक्या पगाराचा हक्क मिळतो, तोही लक्षात ठेवा. आणि शाळा वर्षाचे १९० दिवसच असते. सुट्ट्यांत काम नाही, म्हणजे पैसेही नाहीत. घरखर्च त्या हिशोबाने बसवा.

१४ डिसेंबर हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. माझा उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी करून डब्यात भरली. दुपारी बारा-सव्वाबाराला शिक्षकांच्या खोलीत बसले, डबा उघडला आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. तिथे एका मुलाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी. औषधाच्या सुईचं पेन कुठे ठेवलंय तेही लिहिलेलं. तो मुलगा माझ्याच वर्गात होता. सकाळी मी त्याच्या शेजारी बसून त्याचं वाचन घेतलं होतं. आणि माझ्या हातात दाण्याच्या कुटाने माखलेला चमचा.

शाळेत शेंगदाणे, बदाम-काजू काहीही आणायचं नाही, हा नियम सकाळच्या कागदावर होता. मी तो वाचलाही होता. पण ‘नट्स’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बदाम-काजू आले. कूट आलं नाही. आपल्या स्वयंपाकात ते इतकं मुरलेलं असतं की ते वेगळं जिन्नस आहे हेच मन विसरतं. डबा झाकला, पिशवीत घालून गाठ मारली, ऑफिसात गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी डबा इमारतीबाहेर नेऊन ठेवला, मला हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला सांगितले. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणीच लागतं. मग मी टेबल पुसलं, तोंड धुतलं, स्वेटर बदलून शाळेतला एक जुना घातला. मुलाला काही झालं नाही. पण तो दिवस आठवला की आजही पोटात गोळा येतो.

स्वयंपाकघरातल्या बाईंनी विचारलं, मग आता जेवणार काय? त्या दिवशी भाजलेला अख्खा बटाटा होता, लोणी घालून. उपासाला चालणारा. तीन पौंड देऊन तो खाल्ला. मुलांना मात्र रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीला इंग्लंडमध्ये दुपारचं जेवण फुकट असतं, २०१४ पासून, आई-वडिलांचं उत्पन्न कितीही असो. त्या भोजनगृहात ताटं घेऊन रांगेत उभी मुलं बघून मला आमच्या शाळेच्या ओसरीवरची पोषण आहाराची पंगत दिसायची. त्या दिवसापासून शाळेच्या डब्यात कूट नाही, दाण्याची चटणी नाही, तीळही नाहीत. सकाळी स्वयंपाकाचा पाटा-वरवंटा म्हणा किंवा मिक्सरचं भांडं म्हणा, तेही वेगळं ठेवलंय.

८ जानेवारी २०२४ पासून एका शाळेत आठवड्यातले तीन दिवस, पहिलीचा वर्ग मिळाला. पहिली म्हणजे इथे पाच-सहा वर्षांची मुलं. आणि इथे माझी खरी शाळा सुरू झाली.

मुलांना वाचायला शिकवताना इथे अक्षराचं नाव आधी सांगत नाहीत, ध्वनी सांगतात. एस, ए, टी असं न म्हणता त्यांचे आवाज. मग आवाज जोडून शब्द. मला वाटलं, हे तर आपलंच. क ख ग म्हणजे ध्वनीच की. अकरा वर्षं मी तेच केलंय. पहिल्या दिवशी आत्मविश्वासाने ‘बॅट’ शब्द फोडून दाखवला: ब, अ‍ॅ, ट. पुढच्या रांगेतल्या मुलीने डोळे मिटून जोडलं आणि मोठ्यांदा म्हणाली, ‘बॅटर!’ म्हणजे पॅनकेकचं पीठ. मी पुन्हा म्हटलं: ब, अ‍ॅ, ट. पुन्हा बॅटर. दुसऱ्या एकाने मान डोलावली. मला कळेना चुकतंय काय.

वर्गातल्या सहायक बाई तिथे सोळा वर्षं काम करत होत्या. मधल्या सुट्टीत त्या जवळ आल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही प्रत्येक आवाजाच्या मागे अजून एक आवाज जोडताय.’ आणि स्वतः म्हणून दाखवलं. ओठ मिटले, उघडले, संपलं. मागे काही नाही. त्या क्षणी मला फळ्यावरचं पाय मोडलेलं अक्षर दिसलं. मी म्हणत होते ‘ब’, त्यांना हवा होता ‘ब्’. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ बसलेला असतो आणि आपण तो ऐकतही नाही. मुलीच्या कानाने तो बरोबर पकडला होता. ‘ट’मधला अ तिने प्रामाणिकपणे शब्दाला जोडला, म्हणून बॅटर. चूक तिची नव्हतीच.

मग मी रीतसर शिकायला बसले. स्, म्, फ् लांबवता येतात, ते ओढून म्हणायचे: स्‌स्‌स्, म्‌म्‌म्. ब्, ट्, क् लांबवता येत नाहीत, ते टोचल्यासारखे झटकन म्हणायचे. ‘पिन’मधल्या प्‌ला तोंडासमोर तळहात धरला तर हवेचा झोत लागतो, आपल्या ‘प’ला लागत नाही. तो आपल्या प आणि फ यांच्या मधला कुठला तरी. आणि सगळ्यात अवघड व. ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओला. आपण दोन्हीला सारखाच व म्हणतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्यात दात कुठेच लागत नाहीत, ओठांचा चंबू करायचा. बसमध्ये खिडकीच्या काचेत तोंड बघत मी हे करायचे. जानेवारीत सकाळी बाहेर काळोख असतो, म्हणून काच आरशासारखी असते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज पंचवीस मिनिटं.

हे इतकं बारकाईने लिहितेय कारण कुठल्याही यादीत ते नव्हतं. सगळे दाखले, शिक्के, तपासण्या झाल्यावर एका पोरीचं वाचन माझ्या जिभेवर अडून होतं. मराठी किंवा हिंदी माध्यमातून येणाऱ्या बाईंनी एवढी एक तयारी घरूनच करून यावी. इथले ध्वनी म्हणून दाखवणारे व्हिडिओ कितीतरी आहेत. ऐका, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, शेजारी ठेवून पुन्हा ऐका. आणि सहायक बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की चुकलं तर मला सांगा. माझ्या बाईंनी सांगितलं नसतं तर मी जूनपर्यंत तसंच शिकवत राहिले असते.

पहिलीच्या मुलांची जूनमध्ये ध्वनीची सरकारी तपासणी असते. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० बनवलेले, ज्यांना काहीच अर्थ नाही. बनवलेल्या शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं. मूल पाठांतराने वाचतंय की ध्वनी जोडून, हे त्यातून कळतं. मुलं एकेक करून आत जातात. ते काम वर्गाच्या कायमच्या बाईंनी केलं, मी बाकीच्यांना सांभाळलं. ‘बॅटर’वाली मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, ‘सगळे प्राणी मी वाचले.’

एक फरक अंगवळणी पडायला वेळ लागला. साताऱ्यात मूल रडलं की मी जवळ घेत असे. इथे पहिल्याच आठवड्यात एक मुलगा पडला, मी त्याला उचलून मांडीवर बसवलं. सहायक बाईंनी हळूच त्याच्यासाठी शेजारी खुर्ची ओढली. नंतर समजावलं: शेजारी बसा, खांद्यावर हात ठेवा, पण सगळ्यांना दिसेल असं, आणि लागलं असेल तर नोंदवहीत लिहा, घरी चिठ्ठी द्या. मला ते सुरुवातीला कोरडं वाटलं. फेब्रुवारीत एका मुलाने वाचन घेताना मला हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. ती काय होती ते मी कुठेच लिहिणार नाही. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, ‘कुणाला सांगणार नाही ना?’ सप्टेंबरमध्ये वाचलेलं ते मार्गदर्शक तेव्हा कामाला आलं. वचन द्यायचं नाही. ‘तुला मदत करू शकतील अशा एका माणसाला मला सांगावं लागेल,’ एवढं म्हटलं. त्याने मान हलवली. खोदून काही विचारलं नाही. त्याचेच शब्द, वेळ घालून, लगेच लिहून काढले आणि फोटोतल्या त्या व्यक्तीला शाळा सुटण्याआधी गाठलं. त्यांनी आभार मानले. पुढे काय झालं ते मला कळलं नाही, पाहुण्या शिक्षिकेला ते सांगत नाहीत आणि सांगूही नये. त्या संध्याकाळी बसमध्ये मी ‘व्हेट’ आणि ‘वेट’ केलं नाही.

सव्वातीनला शाळा सुटते. सुटते म्हणजे घंटा वाजून मुलं पळत नाहीत. बाई दारात उभ्या राहतात, आईला किंवा आजोबांना ओळखतात, मग त्या एका मुलाचं नाव घेतात. अनोळखी कुणी न्यायला आलं तर घरून आधी कळवलेलं असावं लागतं. शेवटचं मूल गेल्यावर, कितीही दमलेली असले तरी, मी वर्गाच्या बाईंसाठी चिठ्ठी लिहिते. काय शिकवून झालं, काय राहिलं, कोण अडलं, कोणी कोणाला मदत केली, कुठली वही कुठे ठेवली. हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण रजेवरून आल्यावर आपला वर्ग कोणाच्या हाती होता हे कळलं पाहिजे, असं मला वाटतं. त्या चिठ्ठ्यांमुळेच चार शाळांनी मला नाव घेऊन परत बोलावलं.

जुलैमधल्या शेवटच्या दिवशी पहिलीच्या बाईंसाठी लिहिलेल्या चिठ्ठीचा मी फोटो काढून ठेवलाय. ‘गणिताच्या वह्या निळ्या ट्रेमध्ये आहेत. पाण्याची एक बाटली उरली आहे, नाव नाही, खिडकीत ठेवली आहे. झाडाला पाणी घातलं. खिडकीजवळच्या टेबलावरच्या तिघांना व्ही आणि डब्ल्यू अजून सारखेच वाटतात. सप्टेंबरमध्ये त्यांना हाताने ओठ दाखवून सांगा, आरसा दिला तर लवकर जमतं.’